आई-बाबा, मी फिरायला जात नव्हते

नाशिक, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

दोन महिने रोज फोनवर सांगतेय ना, सकाळी फिरायला जाते म्हणून, ते खरं नव्हतं. मी त्र्यंबक रोडच्या तरणतलावावर पोहायला शिकतेय. समोरच्या काकूंनी मला ओल्या केसांनी येताना दोनदा पाहिलंय. त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. फोनवर आईचा आवाज बदलला असता तर पुढचं बोलणं झालं नसतं, म्हणून पत्र.

आधी एवढं वाचा: बायकांची वेगळी बॅच आहे. मी शिकते तिथे पाणी छातीपर्यंतच येतं. काठावर जीवरक्षक असतो.

धाकट्या काकांनंतर आपल्या घरात पाण्याचा विषय निघाला नाही. पूर बघायला सगळी आळी दुतोंड्या मारुतीकडे धावायची, तेव्हा आई माझी वेणी धरून मला दारात बसवून ठेवायची. त्याचा राग मला कधीच नव्हता, आजही नाही. पण दिवाळीत सोमेश्वरला तुमची नात काठाकडे धावली आणि माझ्या तोंडून आईचंच वाक्य निघालं, त्याच आवाजात. पोर घाबरून रडली. चाळिशीची बाई मी, पण दोन पावलं पाण्यात जाऊन तिला धरायला पाय उचलेना. त्या रात्री ठरवलं.

पहिला आठवडा तोंड पाण्यात घालणंच जमेना. काठाचा दांडा धरून नुसते बुडबुडे काढायचे. मला वाटायचं, श्वास पुरत नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्ही श्वास कोंडून धरताय. आतली हवा सोडलीच नाही तर कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यानेच जीव घाबरा होतो. आणि तोंड वर काढलं तरी नव्या हवेला आत जागा नसते. आता पाण्यात नाकाने सावकाश सोडते आणि कुशीवर वळून तोंडाने घेते. तसंच डोक्याचं. भीतीने समोर बघायला डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात. तळाच्या फरशीकडे बघत राहिलं की अंग आडवं होतं. पायही गुडघ्यातून झाडायचे नाहीत, मांडीपासून हलवायचे. परवा भिंतीला पाय रेटून, हात पुढे ताणून सुटले, तर पाण्याने मला तसंच धरून ठेवलं. बाबा, तुम्ही तळहातांवर पालथी धरून माझं विमान करायचात, अगदी तसं. मी तिथेच उभी राहून रडले.

नदीत किंवा धरणात मी उतरणार नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपली गंगा, म्हणजे गोदावरी, कशी होते ते तुमच्याकडूनच ऐकलंय. तलावातलं शिकणं तिथे पुरत नाही. हा माझा शब्द. पण तलाव सोडणार नाही, आणि सुट्टीत तुमच्या नातीचंही नाव घालतेय. एवढं मला करू द्या.

घराची काळजी नको. तुळस छान आहे. कूलरच्या जाळ्या नव्या बसवल्यात, बाबांची खुर्ची खिडकीशीच आहे. बाथरूममध्ये आईसाठी धरायला दांडी लावून घेतली.

आई, गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा करायचे, दादाला विचारणार आहे मी. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की अंगाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भार पाणीच उचलतं. टाके नीट भरल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तर, कधीतरी माझ्यासोबत... नको तर नको. काठावर बसलीस तरी चालेल. बाबा, बीपीची गोळी नाश्त्याआधी, विसरल्यावर नव्हे. दादाबरोबर कोंडाजीचा चिवडा पाठवतेय, पण एक वाटीच घ्या, मीठ असतं त्यात.

वाचल्यावर लगेच फोन करू नका, आधी दोघं जेवा. सकाळी करणार असाल तर साडेसातनंतर, त्याआधी मी पाण्यात असते.

तुमची
छबी