शेकरूच्या शेपटीबद्दल, दादा, तुमचे आभार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत मी पेनड्राइव्ह घेऊन तुमच्या डीटीपीच्या दुकानात आले होते. वर्गाच्या भिंतीवर लावायला आपल्या जंगलातल्या अकरा प्राण्यांची चित्रं फोटोतून कापून, मागचं सगळं काढून हवी होती. घरी पेंटमध्ये केलेल्या शेकरूभोवती पांढरी, करवतीसारखी कड राहिली होती आणि शेपटी मधूनच छाटली गेली होती. "एवढं करून द्या, किती होतील?" असं मी विचारलं. टेबलावर पत्रिकांचा ढीग पडलेला असताना तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "बसा बाई. अकरा आहेत ना, मग शिकूनच घ्या."

माउसला हात लावण्याआधी तुम्ही मला नुसता फोटो बघायला लावलात. कड कुठे टणक आहे, कुठे मऊ? शेकरूची नखं, नाक, कानाची रेघ टणक. पोट थोडं मऊ. शेपटी म्हणजे नुसते केस, त्यातून मागची पानं दिसतात. सगळीकडे एकच कात्री चालवली होती, तिथेच माझं चुकलं होतं. आजही नवा फोटो उघडला की आधी मी तेच बघते.

मग गिंप हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर उघडलंत. फुकट मिळतं, 1996 पासून आहे आणि आमच्या शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, हे मला माहीतच नव्हतं. अंगाभोवती पाथ मारायचा, म्हणजे पॉइंट जोडत रेघ काढायची; पॉइंट कमीत कमी, वळण असेल तिथेच. आणि रेघ कडेवरून न नेता केसभर आतून न्यायची. कडेच्या ठिपक्यांत, म्हणजे पिक्सेलमध्ये, प्राण्याचा आणि मागचा रंग मिसळलेला असतो, म्हणून ती पांढरी किनार येते, हे तुम्ही 800 टक्के झूम करून दाखवलंत तेव्हा कुठे मला उमगलं. पाथचं सिलेक्शन केलं, एक पिक्सेल फेदर दिला, म्हणजे कड किंचित मऊ केली, आणि डिलीट दाबणार तेवढ्यात तुम्ही थांबवलंत. "खोडायचं नाही, झाकायचं." लेअर मास्क म्हणजे चित्राच्या थरावरचं झाकण; त्यावर काळं लावलं की लपतं, पांढरं लावलं की परत येतं. चुकण्याची भीती त्या क्षणी गेली.

शेपटीला मात्र पाऊण तास गेला. मास्कवर बारीक ब्रशने, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, आतून बाहेर एकेक फटकारा. तरी टोकाच्या फिकट केसांवर पानांची हिरवट झाक राहिलीच. तेव्हा तुम्ही शेपटीतलाच रंग उचलून ब्रशचा मोड कलरवर टाकलात. केसांची उजेड-सावली तशीच राहिली आणि हिरवं तेवढं गेलं. खाली गडद जांभळा लेअर ठेवून तपासायला लावलंत, मग पांढरा. एकावर लपलेली चूक दुसऱ्यावर उघडी पडते. बिबट्याच्या मिशा कापायच्याच नाहीत, डोकं कापून त्या मागाहून बारीक रेघेने काढायच्या, हेही तेव्हाच सांगितलंत. शेवटी फाइल पीएनजी प्रकारात ठेवायची, म्हणजे मागचं रिकामंच राहतं; जेपीजी केलं की मागे पुन्हा पांढरं भरतं.

आणखी एक. भावाने भीमाशंकरला काढलेला फोटो मी मेसेजवरून आलेला तसाच आणला होता. तुम्ही तो परत केलात आणि मूळ फाइल मागितलीत. ए-फोर कागद 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायला 2480 गुणिले 3508 पिक्सेल लागतात, माझ्याकडे त्याच्या निम्मेही नव्हते. तेव्हा मला थोडा राग आला होता. छापून आल्यावर एकेक केस दिसला, तेव्हा तो पूर्ण गेला.

जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि चौथीच्या भिंतीवर शेकरू चढलं. पहिल्याच दिवशी एका मुलीने त्याच्या शेपटीवरून हात फिरवला आणि "बाई, खरी आहे का?" असं विचारलं. आपला राज्यप्राणी त्या मुलांपैकी कुणीच जंगलात पाहिलेला नाही. तिला मी तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही त्या दिवशी एक रुपयाही घेतला नाहीत, म्हणून निदान हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. मनापासून आभार, दादा.

दहा प्राणी झाले. साळिंदर तेवढं राहिलंय. काट्यांची पांढरी टोकं आणि मागचं आभाळ एकाच रंगाचं आहे, पाथ कुठून न्यावा कळत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर येते, या वेळी मूळ फाइल घेऊन.

तुमची,
चौथीच्या वर्गाच्या बाई