मुलांची माहिती आधी मोठ्यांनी सांभाळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाचे दिवस आले की सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत खासगी क्लासेसचे डिजिटल फलक झळकू लागतात. गुणवंतांच्या कौतुकाबद्दल कोणाचीच तक्रार असणार नाही. मात्र अलीकडे हे कौतुक फलकावर न थांबता क्लासच्या इन्स्टाग्राम खात्यावर जाते, आणि फलक आठवडाभरात उतरला तरी तिथली रील वर्षानुवर्षे तशीच राहते. आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीची अशी रील माझ्या पाहण्यात आली. गणवेशावरील शाळेचे नाव सहज वाचता येत होते, खाली तिचे पूर्ण नाव आणि चाचणीतील गुण होते, तर शेवटी बॅचची वेळ व क्लासचा पत्ता. मुलगी कोण, कोणत्या शाळेत जाते आणि संध्याकाळी किती वाजता कुठून बाहेर पडते, हे कोणाही अनोळखी माणसाला घरबसल्या कळावे अशीच ती व्यवस्था होती. आईवडिलांना कोणी विचारलेही नव्हते. पुढे त्याच रीलमधला चेहरा उचलून कोणीतरी तिच्या नावाने बनावट खाते उघडले आणि तिच्या मैत्रिणींना नको ते संदेश पाठवले, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न होता, ‘तू फोटो टाकलासच कशाला?’ तिने तो टाकलाच नव्हता.

समाजमाध्यमे जपून वापरा, असा उपदेश आम्ही शिक्षक मुलांना सतत करतो आणि तो आवश्यकही आहे. पण किशोरवयीन मुलांची बरीचशी माहिती त्यांच्या हातून नव्हे, तर आम्हा मोठ्यांच्या हातून बाहेर जाते, हे मान्य केल्याशिवाय त्या उपदेशाला वजन येणार नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधार कार्डांचे फोटो मागवले जातात, आणि विद्यार्थ्यांची जन्मतारीख, आईचे नाव, बँक खाते व मोबाइल क्रमांक असलेली संपूर्ण वर्गाची यादी ‘तपासून घ्या’ म्हणून त्याच ग्रुपवर टाकली जाते. ती यादी किती फोनमध्ये उतरली, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. प्रत्येक पालकाला त्याच्या पाल्यापुरती माहिती वेगळी पाठवणे वेळखाऊ आहे, हे शिक्षिका म्हणून मी जाणते. तरीही तेवढे कष्ट घेतलेच पाहिजेत.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी त्यांत 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. पण पालकांना विचारण्यासाठी ती मुदत संपण्याची वाट पाहायचे कारण काय?

घरातही एक गोष्ट राहून जाते. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2025 पासून भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली. ती आपोआप खासगी राहतात, अनोळखी व्यक्तींचे संदेश रोखतात, आणि 16 वर्षांखालील मुलांना ही बंधने पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. परंतु हे सारे जन्मवर्ष खरे लिहिले तरच. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या अनेक घरांत सगळ्यांमध्ये मिळून एकच फोन असतो आणि मुले वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या खात्यावरच वावरतात; त्यांच्यापर्यंत यातले कोणतेही संरक्षण पोहोचत नाही. पालकांनी मुलांचे संदेश चोरून वाचण्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून खात्यावरचे वय आणि सेटिंग तपासावे.

इतके करूनही कोणी फोटो पसरवण्याची धमकी दिलीच, तर मुले गप्प बसतात. ‘घरी कळले तर फोन जाईल, शाळा सुटेल’ हे मी मुलींकडून ऐकले आहे, आणि पैशांसाठी धमकावल्या गेलेल्या मुलांकडूनही. पालकांना पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची धास्ती असते. त्यांना हे ठाऊक असायला हवे की, मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या पॉक्सो कायद्याखालील प्रकरणात मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, शक्यतो महिला अधिकारीच तो घेते, आणि मुलाची ओळख जाहीर करण्यास मनाई आहे. पैसे देऊ नयेत. संदेश पुसून टाकण्याची घाई न करता त्यांचे स्क्रीनशॉट आणि समोरच्या खात्याचे नाव जपून ठेवावे, सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 वर किंवा मुलांसाठीच्या 1098 या क्रमांकावर कळवावे.

जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना आणि शहरातील क्लासचालकांना माझी विनंती आहे की, जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी प्रवेश अर्जात छायाचित्र प्रसिद्ध करण्यास ‘संमती आहे’ किंवा ‘नाही’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा, त्यावर पालकांसोबत मुलाचीही सही घ्यावी, आणि ‘नाही’ लिहिणाऱ्याचा प्रवेश त्यावरून अडवू नये. आजवर विनासंमती टाकलेल्या रील पालकांनी सांगितल्यास त्याच दिवशी काढाव्यात.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, सोलापूर