गणपूर्ती झालेली सभा

प्रिय मित्रा,

परवा आपल्या आकाशदर्शन क्लबची वार्षिक सभा झाली आणि अध्यक्ष अण्णा सभा अर्धी टाकून उठून गेले. इथं ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना त्यात एक चिडका म्हातारा आणि काही उतावीळ पोरं, एवढंच दिसलं. तुला तेवढंच दिसणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला मला तोडतोस आणि मग बोलणं तुझंच होतं. कागदावर तुला गप्प बसावं लागेल.

तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण टेकडी चढू देतो. तुझी पाठ कशी आहे ते कळव.

आपल्या सभेची रीत तुला ठाऊकच आहे. ठरल्या वेळेला चार डोकी. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा पुन्हा सुरू, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम, हिशेब मंजूर, कार्यकारिणी बिनविरोध, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय शून्य, आभार. तहकुबीचं ते कलम क्लबच्या घटनेत तू घातलंस. तेव्हा ते लागतच होतं. हिशेब मंजूर झाल्याचा ठराव नसला की बँक आपल्याला दारात उभं करत नव्हती आणि सभेला माणसं जमत नव्हती. पण त्या अर्ध्या तासाची पुढं सवय होऊन गेली. अण्णांचं अध्यक्षपद इतकी वर्षं त्या अर्ध्या तासावर चाललं. त्यांनी कुणाला फसवलं असं नाही. कुणी आलंच नाही, आणि कुणी यावं म्हणून कुणी धडपडही केली नाही.

या वेळी मी हॉलमध्ये शिरलो तर खुर्च्या भरलेल्या. पोरं भिंतीला टेकून उभी. सगळे वर्गणी भरलेले सभासद, यादीत नावं असलेले. अण्णा आले, बसले, चष्मा चढवला आणि मान वर न करता हातातल्या कागदावरचं नेहमीचं वाक्य वाचलं, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

मागं कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

अण्णांनी मान वर केली. भरलेल्या खुर्च्या पाहिल्या. कागद पालथा ठेवला, चष्मा काढला, परत लावला. मी शेजारीच होतो. त्यांचा अंगठा कागदावर दाबलेला होता आणि थरथरत होता. तोच अंगठा रे, ज्याच्या नखात आरसा घासायच्या कार्बोरंडम पुडीची राखाडी रेघ आपण वर्षभर पाहिली. हसणाऱ्यांपैकी कुणालाच ती रेघ माहीत नाही. त्यांचा दोष नाही, ती पोरं आली तेव्हा दुर्बीण उभी होती. पण मला ते हसू फार लागलं. अजून उतरत नाही.

आता मुळापासून सांगतो. भांडण सुरू झालं आरशावरून. आपल्या बारा इंची दुर्बिणीच्या आरशाचा ॲल्युमिनियमचा लेप गेलाय. कडेपासून पांढुरके चट्टे आत सरकलेत. लेप कधी ना कधी जाणारच. काच तीच राहते, लेप पुन्हा चढवून घ्यायचा असतो. अण्णांनी कार्यकारिणीत विषय न आणता आरसा काढला आणि आपल्या ओळखीतल्या माणसाकडं पाठवायचं ठरवलं. खजिनदार ताईंनी विचारलं, तीन ठिकाणचे दर का मागवले नाहीत? प्रश्न साधा होता. अण्णांना तो आरोप वाटला. म्हणाले, "हा आरसा मी घासलाय, तो कुणाच्या हातात द्यायचा हे मला पावतीबुकानं शिकवू नये." ताईंनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

ताई गेल्या आणि बँकेचं खातं अडलं. तिघांपैकी दोन सह्या लागतात. चिटणीस परगावी गेलेला, ताई बाहेर, उरले अण्णा एकटे. रिकाम्या पदावर पुढच्या निवडणुकीपर्यंत कार्यकारिणीनं सभासद स्वीकृत करावा असं घटनेत स्पष्ट आहे, पण त्यासाठी बैठक हवी, आणि बैठक बोलवायचा अधिकार अध्यक्षांचा. अण्णांनी बैठक बोलावलीच नाही. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर दुसरा ग्रुप निघाला, कारण पहिल्यात फक्त अण्णांना लिहिता येतं. दुसऱ्या ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलंय. ते तुला लिहिणार नाही. ताईंच्या प्रश्नाचं त्या पोरांनी पार हत्यार करून टाकलं, आणि ताईंनाही ते आवडलेलं नाही.

मग किल्ली. दुर्बिणीच्या कोठीची किल्ली अण्णांकडं एकच, आणि मार्चची अमावास्या तोंडावर. मेसियेची सगळी यादी, म्हणजे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका मिळून एकशे दहा, एका रात्रीत बघायची तर वर्षातले हेच दिवस. तिन्हीसांजेला पश्चिमेला एम ७७ आणि एम ७४ संधिप्रकाशात बुडायच्या आत गाठायचे, आणि पहाटे उजाडायच्या आत एम ३०. मधल्या एकशे सातांना वेळ मिळतो, ही टोकं मात्र हातून सुटतात. आपण दोघं एम ७४ साठी किती भांडलोय! तू "दिसला" म्हणायचास, मी "ढग आहे" म्हणायचो, आणि अण्णा आयपीसला डोळा लावून "दोघंही गप्प बसा" म्हणायचे. यंदा एका गटानं एक जागा ठरवली, दुसऱ्यानं दुसरी. किल्ली कुणालाच मिळाली नाही. आकाश अगदी स्वच्छ होतं. नवी मुलं वर्षभर नकाशे पाठ करत होती, त्यांना कुणीतरी नुसता निरोप पाठवला, "कार्यक्रम रद्द". मला सगळ्यात जास्त राग आहे तो याचा. अध्यक्ष कोण, याच्याशी त्या मुलांना काय देणंघेणं होतं?

पोरांच्या बाजूचा म्होरक्या म्हणजे आपला कॅमेरावाला. तू त्याला एकदाच भेटलास आणि पहिल्याच भेटीत त्याच्याशी वाद घातलास, म्हणून आठवत असेल. मुलगा वाईट नाही. मेहनती आहे. नवी माणसं क्लबात आली ती त्याच्या फोटोंमुळं. त्याचं म्हणणं असं, की एक माणूस सलग किती वर्षं अध्यक्ष राहू शकतो याला मर्यादा हवी, खात्यावर वेळेत सह्या व्हाव्यात, आणि कोठीच्या किल्ल्या तीन कराव्यात. यातलं एकही चूक नाही. चूक आहे ती त्याची रीत. त्याला हे सगळं अविश्वासाच्या ठरावानं करायचंय, अण्णांना भर सभेत मोजून पाडायचंय. मी त्याला म्हटलं, नियम बदलला की अण्णांची मुदत आपोआप संपते, मग पाडायचं कशाला? तो म्हणाला, "काका, नियमानं गेले तर ते कधीच मान्य करणार नाहीत की त्यांचं चुकलं." बघ! पोरगं पंचविशीत आहे आणि माणसाकडून कबुली हवीय. मला क्लब हवाय.

तू आता म्हणशील, "मी सांगितलं होतं." हो, सांगितलं होतंस. आरशाच्या कडेच्या भांडणातच तू म्हणाला होतास, की या माणसाला घासता येतं, सोपवता येत नाही. पण त्या भांडणात मी अजूनही तुझ्या बाजूचा नाही. कड खाली वळली होती हे खरं, आरशाचा आकार तपासायच्या फूको चाचणीत सावली सरळ सांगत होती. अण्णांनी काळी चकती लावून कड झाकली, थोडा व्यास गेला, प्रतिमा स्वच्छ झाली. पुन्हा पहिल्यापासून घासायचा तुझा हट्ट होता, आणि तसं झालं असतं तर आपण आजही घासतच बसलो असतो. एवढ्यावरून तू क्लब सोडलास. मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो, ते तू करायला नको होतंस. तू असतास तर अण्णांना तोंडावर "नाही" म्हणणारं एक तरी माणूस कार्यकारिणीत राहिलं असतं.

आणि नोंदवह्या! त्या सगळ्या अण्णांच्या घरी आहेत. पहिल्या रात्रीपासूनच्या, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरातल्यासुद्धा. सभेत कुणीतरी म्हणालं, नोंदवह्या क्लबच्या मालकीच्या, ताब्यात द्या. अण्णा म्हणाले, "जाळीन, पण देणार नाही." त्यानंतरच ते उठले. लोकांना ती धमकी वाटली. मला तू अण्णांना ठेवलेलं नाव आठवलं. फ्लॅमस्टीड, ग्रीनिचच्या वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ! न्यूटन आणि हॅलीनं १७१२ मध्ये त्याची निरीक्षणं त्याला न विचारता छापली, आणि चारशे प्रतींपैकी तीनशेच्या आसपास हाती लागल्या तेव्हा फ्लॅमस्टीडनं त्या जाळून टाकल्या. तू हा किस्सा हसवायला सांगायचास. पण त्याची निरीक्षणं अचूक होती म्हणूनच त्याला अर्धवट छापलेलं सहन होत नव्हतं, आणि ती सरकारी वेधशाळेतली होती म्हणून न्यूटनलाही त्यांच्यावर हक्क सांगता येत होता. दोघांचं म्हणणं खरं होतं. शेवटी तो गेल्यावर १७२५ मध्ये त्याच्या बायकोनं ते काम त्याला हवं तसं छापून आणलं. अण्णांच्या वह्यांचं असं व्हायला नको. त्या त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या हातानं क्लबात आल्या पाहिजेत.

रात्री झोप लागत नव्हती म्हणून रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या त्या अमेरिकन संघटनेचा इतिहास पुन्हा वाचला. स्थापना १९११ ची. हार्वर्डच्या वेधशाळेत त्यांचं बस्तान होतं. नवा संचालक आला, मेंझेल, आणि पन्नाशीच्या दशकात त्यांना तिथून बाहेर काढलं. जागा गेली, निधीही गेला. मार्गारेट मेयॉलनं पैसे नसताना काम चालू ठेवलं आणि १९७३ पर्यंत ती पदावर राहिली. इतक्या उलथापालथीत निरीक्षकांनी तारे बघणं थांबवलं नाही. तू बाल्कनीतून मायरा ताऱ्याच्या तेजाचा अंदाज लिहून पाठवतोस, तो आज त्याच ओळीत जाऊन बसतो. तारा ३३२ दिवसांनी पुन्हा उजळतो, त्याला अध्यक्ष कोण याची फिकीर नाही, पण नोंद तुटली तर ती भरून निघत नाही. आमच्याकडं मार्चची नोंद तुटली. हेच मी सभेत उभं राहून बोललो. टाळ्या दोन्हीकडून पडल्या आणि काम एकाही बाजूनं केलं नाही.

अण्णा गेल्यावर सभा माझ्या अध्यक्षतेखाली चालली, कारण उपाध्यक्ष म्हणून मीच उरलो होतो. अविश्वासाचा ठराव मी मांडू दिला नाही. विषयपत्रिकेत नव्हता, आणि असल्या ठरावाला पूर्वसूचना लागते. कॅमेरावाला चिडला, पण घटना वाचून गप्प बसला. विशेष सभा बोलवायचं ठरलंय. आता दोन्ही बाजू माझ्याकडं येतात. पोरं म्हणतात, तुम्ही अध्यक्ष व्हा. अण्णांच्या बाजूचे म्हणतात, तुम्ही अण्णांना वाचवा. मी दोघांनाही नाही म्हटलंय. मी एकच ठराव मांडणार आहे. कुठल्याही पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही, आणि ते याच निवडणुकीपासून लागू. किल्ल्या तीन. सह्या करणारे चार, त्यातल्या कुठल्याही दोन चालतील. अध्यक्षांनी महिनाभरात बैठक बोलावली नाही तर कार्यकारिणीतल्या तिघांना ती बोलवता येईल. आणि आरसा, दुर्बीण, दुरुस्ती यांचं एक वेगळं पद, त्यावर अण्णा. शोभेचं नको, कामाचं. नव्या मुलांना काच घासायला शिकवायला त्यांच्याशिवाय दुसरा माणूस नाही, आणि आपल्यालाही ते शिकवताना पाहिलंय ना? तेव्हा ते कुणावरच चिडत नसत. तुझ्यावर सोडून.

अविश्वासाचा ठराव आला तर मी विरुद्ध मत देणार. अण्णांना पुन्हा अध्यक्ष करायचा प्रस्ताव आला तर त्याच्याही विरुद्ध देणार. हे मी काल त्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. निघताना विचारलं, "त्याला कळवलंस का?" त्याला म्हणजे तुला. तुझं नाव मात्र घेतलं नाही.

तुझ्या लेकीला नोकरी लागली म्हणून कळलं, तिचं अभिनंदन. नव्या घरात बाल्कनी दक्षिणेला आहे की नाही ते लिही. वहिनींना नमस्कार.

आता काम. ठरावाचा मसुदा सोबत जोडलाय. घटनेची मूळ प्रत तुझ्या अक्षरातली आहे, तेव्हा जुन्या कलमांशी कुठं विसंगत होतोय का ते तूच बघ, विशेषतः तहकुबीचं कलम. मी तिथं एक वाक्य वाढवलंय, की पदाधिकाऱ्यांची निवडणूक तहकूब सभेत होणार नाही. ते तुला पटणार नाही हे मला माहीत आहे. भांड, पण लवकर भांड. विशेष सभेच्या नोटिशीला पूर्ण एकवीस दिवस द्यावे लागतात आणि मला ती पुढच्या सोमवारी काढायचीय. आणि पहिल्या दोन वर्षांच्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स तुझ्याकडं आहेत, त्या पाठव. माझ्याकडं नको, थेट अण्णांना पाठव. सोबत दोन ओळी लिहायच्या का, ते तुझं तू ठरव.

तुझा,
तोच