परिसर अभ्यासाचं प्रशिक्षण देवराईत घ्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सह्याद्रीतल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शाळेपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर देवराई आहे, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तरी कित्येक वर्षं मी 'परिसर अभ्यास' वर्गातच शिकवला. मुलांनी "गुरुजी, हे कुठलं झाड?" असं विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर, ही भीती होती. मुलं गारंबीची हातभर लांब शेंग घेऊन यायची. मी ती टेबलावर ठेवायचो आणि पुढचा धडा घ्यायचो.

प्रशिक्षणं झाली. त्यातलं परिसराचं प्रशिक्षण दोन दिवस खिडक्या बंद केलेल्या सभागृहात, जंगलाची चित्रं बघत पार पडलं.

देवराई मला दाखवली ती गावातल्या एका आजींनी. सालीवरून हिरडा कसा ओळखायचा, गेळ्याला फळ कधी धरतं, हे त्यांच्याकडून शिकलो आणि मगच पाचवीच्या मुलांना तिथे न्यायचा धीर झाला. दोन्ही तोंडं कापलेले दोन डबे आम्ही जमिनीत रोवले, एक राईत आणि एक शेजारच्या उघड्या माळावर. प्रत्येकात एक लिटर पाणी ओतलं. राईतलं बघता बघता जिरलं, माळावरचं साचून राहिलं. एका मुलीनं पाचोळा बाजूला सारून आत हात घातला, काळी ओलसर माती मुठीत घेतली आणि विचारलं, "म्हणजे आपला झरा इथूनच भरतो?" हा प्रश्न माझ्या वर्गात त्याआधी कधीच आला नव्हता.

साहेब, सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. विषय आला, पण शिक्षकाला बाहेर पडायचा आत्मविश्वास कुणी दिला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यातले दहा तास तरी जागेवर जाऊन द्या. एकाच ठिकाणी उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, कारण एका फेरीत जंगल कळत नाही. सगळीकडे देवराई नसणार, हे खरं. पण कोकणात खारफुटी आहे, सोलापूरकडे माळरान आहे, भंडारा-गोंदियात जुन्या जमीनदारांच्या काळातले मालगुजारी तलाव आहेत.

शिकवायला गावचे जाणते आणि वनरक्षक बोलवा. त्यांना रीतसर मानधन द्या, नुसतं नारळ-शाल देऊन बोळवण नको. ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि प्राण्यांची नोंद, शिक्षकाच्या हाती पडेल अशी सोय करा. आमच्या गावची नोंदवही मी मागून घेतली, तेव्हा आजींना ठाऊक असलेली निम्मी झाडं तिच्यात नव्हती. आता ती मुलं भरताहेत.

आणि एक कळकळीची विनंती. या उपक्रमाला फोटो अपलोड करायची लिंक जोडू नका. देवराईत गेलेल्या शिक्षकाचं लक्ष मुलांकडे आणि झाडांकडे राहू द्या.

पहिली फेरी येत्या जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी ठेवता आली तर डब्यांचा प्रयोग तिथेच करून दाखवायला मी येईन.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक