हार्ड डिस्क मामाकडून पाठवतोय

शहापूर, बेळगाव

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू ठेवून गेलेल्या डिस्कवर आपल्या पत्रिकांच्या दुकानाचा सगळा डेटा घेतला. खोक्यावर १ टीबी लिहिलंय आणि कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो, तेव्हा आईला वाटलं दुकानदाराने तुला फसवलं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, हे सांगितलं तरी तिचा संशय काही गेलेला नाही. तूच फोनवर समजाव.

डेटा घेण्याआधी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडून तिच्यावर लिहिता येतं. विंडोजची एनटीएफएस पद्धत ठेवली असती तर तुझ्या मॅकला वाचता आलं असतं, पण त्यावर काही लिहिता आलं नसतं. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि आता लग्नाचे व्हिडिओ त्याच्या पुढे सहज जातात.

आता खरं काम ऐक. फाइली ओढून टाकणं सोपं, रात्रभर चालू ठेवलं की झालं. पण आपली निम्मी कामं श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधली, युनिकोड ही सगळीकडे चालणारी पद्धत येण्याआधीची. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पत्रिकेची दुसरी बाजू कन्नड, ती नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये. म्हणजे दोन्ही बाजूंचे फॉन्ट सोबत नसतील तर फाइल असून नसल्यासारखीच. म्हणून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातून आपले सगळे फॉन्ट काढून डिस्कवर वेगळ्या फोल्डरात ठेवलेत. शिवाय चांगल्या कामांची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, मग ती कुठेही उघडते. दुरुस्तीला मात्र मूळ फाइलच लागते, आणि आपल्याकडे लोक दुरुस्तीसाठीच येतात: थोरल्याची पत्रिका दाखवतात आणि म्हणतात, हीच काढा, फक्त नाव धाकट्याचं घाला.

पत्रिका ज्यात मांडतो त्या कोरलच्या फाइलींचं लक्षात ठेव. नव्या व्हर्जनात सेव्ह केलेली जुन्यात उघडत नाही. दुकानात जुनंच आहे, म्हणून तिथे काही बदललंस तर जुन्या व्हर्जनला सेव्ह कर.

तू म्हणालास गुगलवर टाका. फुकटची जागा १५ जीबी, त्यातच मेल आणि फोटो. आणि सिंक लावलेल्या फोल्डरातून इथे फाइल उडाली की तिथूनही उडते. कचरापेटीत ३० दिवस राहते, पण वर्षाने आठवण झाल्यावर त्याचा काय उपयोग? त्याला मी बॅकअप म्हणत नाही.

दुसरी डिस्क मी इथे घेतली आहे. तिच्यावर प्रत घेऊन झाली की ‘सेफली रिमूव्ह’ करून काढतो आणि कपाटात ठेवतो. लावूनच ठेवली तर फाइली लॉक करणारा व्हायरस तिच्यावरही चढतो, आणि वळवात वीज पडली तर दोन्ही एकदम जातील. पण कपाट दुकानातच आहे की! २०१९ च्या ऑगस्टात निपाणीकडे आत्याच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याची डिस्क एकाच टेबलावर होती. म्हणून एक प्रत पुण्यात हवी.

मामा शनिवारच्या गाडीने येतोय. डिस्क आणि कुंदा एकाच पिशवीत आहेत, कुंद्याचा डबा घट्ट लावलाय. डिस्कच्या आत तबकडी फिरते, चालू असताना हलवू नकोस.

आल्यावर एवढं कर. तुझ्या ऑफिसच्या विंडोजवर नको, मित्राच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकून ‘पत्रिका’ फोल्डरातली कोणतीही जुनी फाइल उघड, दोन्ही बाजू बघ, आणि स्क्रीनचा फोटो मला पाठव. कन्नड बाजूला ओत्तु म्हणजे खालची जोडाक्षरं नीट आली आहेत का ते बघ, तिथेच गडबड होते. फोटो येईपर्यंत जुन्या कॉम्प्युटरवरचं मी काही पुसत नाही.

तुझा,
बाबा