प्राणहितेचं नाव पाटीवर लिहा

महोदय,

चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि दोघींचीही नावं तिथंच संपतात. पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीत मिळेपर्यंत ती प्राणहिता. प्राणांचं हित करणारी! इतकं नेमकं नाव क्वचितच एखाद्या नदीला लाभलं असेल. पात्र एवढं रुंद की पावसाळ्यात पलीकडचा तेलंगणाचा काठ नुसती हिरवी रेघ दिसतो. उन्हाळ्यात मात्र आमच्या बाया वाळूत हातभर झिरा खोदून वाटी-वाटीनं गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरायच्या. नावाचा अर्थ तिथं कळायचा. परवा काठावर सहावीतल्या पोरानं मला विचारलं, "ही गोदावरीच ना?" फार वाईट वाटलं. पुलाजवळ नदीच्या नावाची, अर्थासह, मराठी आणि तेलुगूत पाटी लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. सिरोंचा, जि. गडचिरोली