चि. सईस, त्या काढ्याबद्दल

मिरज,
रविवार, रात्री

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या काढ्याने तुझा टाइप १ मधुमेह बरा होतोय, आता इन्सुलिन नको, यावरून दुपारी बोलता बोलता आवाज चढले आणि तू फोन ठेवलास. बाबा म्हणाले, आज परत लावू नकोस, लिही. म्हणून लिहितेय. इन्सुलिन थांबवू नकोस, हे वाक्य या पत्रात एकदाच लिहायचं ठरवलं होतं, ते लिहून झालं.

तू म्हणालीस, "रात्रीचा डोस चौदावरून सहावर आला, हे तुला दिसत नाही का?" दिसतं. वहीचे फोटो पाठवतेस ते मी ओळ न् ओळ वाचते. इतकी स्वच्छ नोंद आमच्या लॅबमधली नवी मुलंही ठेवत नाहीत. तुझे आकडे खरे आहेत. प्रश्न एवढाच, की ते उतरले कशामुळे. चौदाचे सहा तुझ्या डॉक्टरांनी केले, सकाळची साखर ७०च्या खाली जायला लागली म्हणून, आणि ते योग्यच होतं. सहाचं शून्य करायला सांगतोय तो काढेवाला.

टाइप १मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, मारत असते. निदान होतं तेव्हा सगळ्या मेलेल्या नसतात. काही नुसत्या वाढलेल्या साखरेच्या माऱ्याने दमून गप्प झालेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं, साखर उतरली, की त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा डोस खूप खाली येतो. डॉक्टर त्याला हनिमून म्हणतात. कुणाचा काही महिने टिकतो, कुणाचा वर्षभर किंवा जास्त, कुणाला येतच नाही. आतला हल्ला मात्र थांबलेला नसतो. पेशी संपत जातात तसा डोस परत वाढतो.

आता तारखा लाव. निदान फेब्रुवारीत, काढा एप्रिलमध्ये. तुझ्याच वहीत डोस मार्चपासून उतरतोय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं आपण किती सहज म्हणतो, पण फांदी आपली असली की कावळाच दिसतो.

कुठलाही दावा समोर आला की एक प्रश्न आधी विचारायचा: हे खोटं असतं, तरी मला हेच दिसलं असतं का? काढ्यात नुसतं पाणी असतं तरी तुझे आकडे असेच उतरले असते. मग हे आकडे त्याच्या बाजूनेही बोलत नाहीत आणि विरुद्धही नाही. ते या वादात साक्षीदारच नाहीत. पुरावा शोधायचा तो असा, की जो दावा खरा असेल तरच दिसेल आणि खोटा असेल तर दिसणार नाही.

तू म्हणशील, सी-पेप्टाइड करून बघू. कर, मला हवंच आहे ते. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं आणि टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, म्हणून आपल्या पेशी किती काम करताहेत ते त्यातून कळतं. त्याच वेळची साखरही मोजून घे, कारण साखर कमी असताना सी-पेप्टाइड कमीच येणार. पण ते चांगलं आलं तरी श्रेय काढ्याला जात नाही, हनिमूनमध्ये ते वाढतंच. एकाच माणसावर, एकदाच, हा निवाडा होत नाही. त्याला तुलना लागते. १७४७मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीचे बारा खलाशी घेतले, सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, रोजचं जेवण एकच दिलं आणि दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. बाकीच्या पाच जोड्या नसत्या, तर त्या दोघांवरून काहीच सिद्ध झालं नसतं.

झालं, मी पुन्हा वर्ग घ्यायला लागले. रागावू नकोस. तुला हे शिकवायची गरज नाही हे मला माहीत आहे. १२ तारखेचं तुझं पान माझ्यासमोर आहे. संध्याकाळी ३१२, आणि समोर बारीक अक्षरात: "चिकू सोलला होता. हात धुवून परत: १४८." कुणी सांगितलं नव्हतं तुला. बोटाला फळाची साखर असेल हे सुचलं, आकड्यावर विश्वास न ठेवता तू पुन्हा मोजलंस आणि ३१२चा डोस टोचून घेतला नाहीस. ते पान मी बाबांना दोनदा दाखवलं. लहान असताना तू आजीला विचारलं होतंस, नवस बोलला नसता तर दादाचा ताप उतरलाच नसता का? आजी दिवसभर घुश्शात होती. मला मात्र वाटलं होतं, या पोरीची काळजी नाही. आणि आता काळजीशिवाय दुसरं काही सुचत नाही.

शोभामावशीने पाठवलेले व्हिडिओ मी सगळे बघितले. तिचं मन सोन्यासारखं आहे, तुझ्यासाठी रडली आहे ती. पण ज्यांचा हनिमून संपला आणि जे केटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढून आयसीयूत गेले, ते व्हिडिओ करत नाहीत. जे दिसत नाहीत त्यांची मोजदाद कोण ठेवतं? त्या काढेवाल्या गृहस्थांना एवढंच विचार: काढा घेणाऱ्यांत टाइप १ किती? त्यातले निदानाला पाच वर्षं उलटलेले आणि इन्सुलिनशिवाय असलेले किती? त्यांचे रिपोर्ट दाखवाल का? टाइप २वाल्यांचे दाखले चालणार नाहीत, तो आजार वेगळा. बाटलीवर घटक, बॅच नंबर आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक आहे का ते बघ, नसेल तर ती बाटली बाजूला ठेव. साखर उतरवणाऱ्या गोळ्या न सांगता मिसळलेली चूर्णं काही देशांच्या औषध नियंत्रकांना सापडली आहेत. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे, मग ती कुठल्याही पॅथीची असो.

हे खोटं असतं तरी हेच दिसलं असतं का, हा प्रश्न इन्सुलिनलाही विचार, डॉक्टर म्हणतात म्हणून सोडून देऊ नकोस. इन्सुलिन नव्हतं तेव्हा काय दिसत होतं? टाइप १ची मुलं अर्धपोटी ठेवून काही महिने, फार तर दोन-तीन वर्षं जगवली जायची. ११ जानेवारी १९२२ला टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. तिथल्याच कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने तो शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा दिला आणि साखर उतरली. मुलगा पुढे तेरा वर्षं जगला. न देता काय होतं आणि दिल्यावर काय होतं, दोन्ही जगाने बघितलं आहे.

माझी खरी भीती सांगते. तू उद्या इन्सुलिन थांबवलंस तर पहिले काही दिवस कदाचित काहीच होणार नाही. ते काही न होणं तुला पुरावा वाटेल. मग हॉस्टेलमध्ये एखादा ताप येईल, पोट बिघडेल, गरज एकदम वाढेल आणि आत पुरेसं इन्सुलिन नसेल. केटोन वाढायला एक दिवस पुरतो. मळमळ, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास. बघणाऱ्याला वाटतं, मेसचं बाधलं. आजारी असताना जेवण गेलं नाही तरी रात्रीचं इन्सुलिन सोडायचं नसतं, हे रूममेटलाही सांगून ठेव. काढा निरुपयोगी आहे असं मी धरलं आणि चुकले, तर तुझं नुकसान रोजच्या एका सुईचं. तू चुकलीस तर काय, ते मला लिहवत नाही.

एकदाच लिहायचं म्हटलं होतं. नाही जमलं.

शनिवारी अपॉइंटमेंटला वही ने आणि काढ्याचं डॉक्टरांना स्वतः सांग, लपवू नकोस. हनिमून संपला हे कशावरून कळेल ते विचार. सी-पेप्टाइडच्या आधी वहीत लिही, कुठला आकडा आला तर तुझं मत बदलेल. मागाहून ठरवलं की आपण आकडा आपल्या बाजूला ओढतो, मीसुद्धा. केटोनच्या पट्ट्या कुरिअरने पाठवल्यात, साखर २५०च्या वर गेली किंवा बरं वाटेनासं झालं की लगेच तपास. केटोन निघाले तर वेळ न घालवता डॉक्टरांना फोन, मग आम्हाला.

माझ्याशी बोलायचं नसेल तर बाबांशी बोल. रात्री सहा युनिट घेतलेस की नुसतं "घेतलं" एवढं पाठव.

तुझी,
आई

ता. क. शोभामावशीला काही बोलू नकोस, तिच्याशी मी बोलते.